गेममधली लक्षात राहिलेली हत्यारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हत्यार लक्षात राहतं ते कशामुळे? डॅमेजच्या आकड्यामुळे?

आकड्यावर गेलं तर प्रत्येक गेममधलं शेवटचं हत्यारच यादीत येईल, आणि त्यातली निम्मी नावं गेम संपल्यावर आठवडाभरात कुणाला आठवत नाहीत. इथे दोन गोष्टी पाहिल्या आहेत. एक, ते हातात आल्यावर तुमची खेळायची पद्धत बदलली का? दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, त्यात काही खोट आहे का? भरायला वेळ लागतो, गोळ्या मोजक्याच मिळतात, जवळ जावं लागतं, नेम चुकला तर मेलात, असं काहीतरी. ज्या हत्याराला काहीच खोट नाही ते दोन तासांत अळणी लागायला लागतं.

आणि हो, हे पान फक्त बंदुकांचं नाही. तलवार, कुऱ्हाड, पहार, तवा, कासवाचं कवच, सगळं चालेल.

एकच निवडायचं झालं तर कुठलं?

‘डूम २’ (१९९४) मधली सुपर शॉटगन. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

साधी शॉटगन एका काडतुसात ७ छर्रे सोडते. ही दुनळी एका वेळी दोन काडतुसं खाते आणि २० छर्रे सोडते. म्हणजे दुप्पट खर्चात जवळजवळ तिप्पट माल. पण छर्रे आडवे फाकतात तसे उभेही फाकतात, त्यामुळे लांबच्या शत्रूला नुसत्या गुदगुल्या होतात. आणि एकदा झाडली की नळी मोडायची, दोन काडतुसं आत सरकवायची, खटकन बंद करायची. तेवढा वेळ तुम्ही राक्षसांच्या घोळक्यात रिकाम्या हाताने उभे. मग आपोआप एक ताल बसतो: आत घुसा, अगदी तोंडावर झाडा, मागे सरकता सरकता भरा, पुन्हा घुसा. बंद होतानाचा तो ‘खट’ ऐकू आला की बोट चापावर गेलेलंच असतं.

२०२० च्या ‘डूम इटर्नल’मध्ये याच बंदुकीखाली साखळीचा आकडा बसवला. आकडा शत्रूत रुतवायचा आणि त्याच्या दिशेने स्वतःच ओढले जायचं. जवळ जावं लागणं ही जुनी अडचण होती, तिचंच इथे वाहन केलं. मूळ बंदूक ज्याला नीट कळली आहे त्यालाच असं सुचतं.

डूममधली हत्यारं खेळण्यांचे फोटो काढून केली होती, हे खरं का?

बरीचशी, हो. १९९३ च्या पहिल्या ‘डूम’मधली शॉटगन म्हणजे मुलांची टिकल्यांची बंदूक. तिचे फोटो काढून संगणकावर रंगरंगोटी केली. प्लाझ्मा रायफलसुद्धा एका खेळण्यातल्या मशीनगनपासून केली. चेनसॉ मात्र खरीखुरी होती. ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीतल्या टॉम हॉल यांच्या मैत्रिणीकडून ती मागून आणली होती.

बीएफजी ९००० झाडली की कधी सगळे मरतात, कधी कुणीच नाही. असं का?

कारण पडद्यावर दिसतो तो हिरवा गोळा आणि प्रत्यक्षात होणारी कत्तल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ‘डूम’मध्ये ही बंदूक एका वेळी ४० सेल (तिचा दारूगोळा) खाते. गोळा ज्याला थेट लागतो त्याचं जबर नुकसान होतं, पण तो अर्धाच कारभार. गोळा कुठेतरी आदळून फुटला की क्षणभराने ४० अदृश्य किरण सुटतात, आणि ते गोळ्यापासून सुटत नाहीत. ते सुटतात तुमच्यापासून: त्या क्षणी तुम्ही जिथे उभे असाल तिथून, पण तुम्ही गोळा ज्या दिशेने मारला होता त्या दिशेला, पंख्यासारखे पसरून.

म्हणजे भिंतीकडे गोळा मारायचा, तो आदळेपर्यंत कोपऱ्यावरून पलीकडे सरकायचं, आणि जे राक्षस मुळात समोर नव्हतेच ते साफ. उलट, गोळा मारून तुम्ही घाबरून खांबामागे लपलात, तर किरण खांबालाच धडकतात आणि ४० सेल पाण्यात. जवळ उभ्या असलेल्या एकट्या धिप्पाड शत्रूवर बरेच किरण एकदम पडतात, म्हणून तोंडाजवळ मारलेली बीएफजी लांबून मारलेल्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. पुढच्या गेममध्येही बीएफजी आली, दिसायलाही भारी होती, पण ही जुनी छुपी विद्या मला तिथे फार जाणवली नाही.

कॉन्ट्रामध्ये सगळे ‘एस’साठीच का भांडायचे?

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त व्हिडिओ गेमवर, ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये ज्यांनी कॉन्ट्रा खेळलाय त्यांना हा प्रश्न पडायचंच कारण नाही. बाकीच्यांसाठी: उडत्या डब्यांतून अक्षरं पडायची. ‘एम’ म्हणजे मशीनगन. ‘एफ’ म्हणजे गिरक्या घेत जाणारा आगीचा गोळा. ‘एल’ म्हणजे लेझर. दिसायला देखणा, पण पहिली रेघ पोचायच्या आत पुन्हा बटण दाबलं की ती तुटायची, आणि हातघाईला बटण न दाबता राहतो कोण? ‘एस’ म्हणजे स्प्रेड: पाच गोळ्या एकदम, पंख्यासारख्या. नेम धरायची गरजच संपली.

खरी मजा पुढे आहे. कॉन्ट्रात एका गोळीला जीव जातो, आणि जिवाबरोबर ‘एस’सुद्धा. पुन्हा ती साधी टिकटिक बंदूक. त्यामुळे ‘एस’ हातात असला की माणूस जपून खेळायला लागतो. दोघं खेळत असले तर डबा फुटला की दोघांच्याही उड्या, आणि चुकून ‘एस’वर ‘एल’ उचलला की घरात युद्ध. वर-वर-खाली-खाली वगैरे कोड मारून ३० जीव घेता यायचे, पण ‘एस’ पुन्हा मिळवायला त्या कोडचा उपयोग नव्हता.

एडब्ल्यूपी आणि एडब्ल्यूएम एकच का?

एकाच घरातल्या दोघी. ॲक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश कंपनीची आर्क्टिक वॉरफेअर नावाची स्नायपर रायफलींची मालिका आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये एडब्ल्यूपी आहे, पबजी आणि तिच्या भारतातल्या आवृत्तीत, बीजीएमआयमध्ये, एडब्ल्यूएम.

नेट कॅफेतल्या पोरांची ‘ऑप’ म्हणजे काउंटर-स्ट्राइकची एडब्ल्यूपी. किंमत ४७५० डॉलर, म्हणजे त्या फेरीत बाकी काही घ्यायला पैसे उरणं कठीण. छातीत किंवा पोटात एक गोळी लागली की चिलखत असूनही खेळ खल्लास; पायाला लागली तर मात्र माणूस वाचतो. एक गोळी झाडली की खटका मागेपुढे होईपर्यंत दुसरी नाही, आणि ती घेऊन पळणंही जड जातं. एवढं महागडं हत्यार घेऊन मेलात तर ते शत्रूच्या हाती फुकट पडतं, ही धास्ती वेगळीच. पुढे ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ऑपने मारल्यावर मिळणारं बक्षीसही १०० डॉलरवर आणलं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मॅगझिन १० गोळ्यांवरून ५ वर.

कितीतरी सर्व्हरवर ऑपला बंदी असायची आणि कितीतरी मॅप फक्त ऑपसाठीच बनलेले असायचे. काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्यांना ‘एडब्ल्यूपी_इंडिया’ हा महालाचा मॅप आठवत असेलच. एकाच बंदुकीवर बंदीही आणि तिच्या नावाने मॅपही, इतका लळा आणि इतका राग दुसऱ्या कुठल्या बंदुकीला मिळालेला मी तरी पाहिला नाही.

पबजीतली एडब्ल्यूएम बाजारात मिळत नाही, आभाळातून पडते. मूळ रचनेत ती फक्त एअरड्रॉपमध्ये यायची, तिच्या .३०० मॅग्नम गोळ्याही तिच्याबरोबरच मोजक्या मिळायच्या, आणि लेव्हल ३ चं हेल्मेट एका गोळीत फोडणारी तीच एक स्नायपर होती. त्यामुळे तिची कथा झाडण्याच्या आधीच सुरू होते: लाल धूर दिसतोय, गाडी आहे, जायचं का?

पबजीतला तवा खरंच गोळी अडवतो?

अडवतो. हातात असताना तर अडवतोच, कमरेमागे लटकत असतानाही अडवतो. तो फुटत नाही, झिजत नाही. पाठ करून पळताना मागून ‘टण्’ असा आवाज आला की समजायचं, तव्याने जीव वाचवला. पण तो झाकतो फक्त कुल्ल्यामागचा भाग, म्हणून त्याच्या भरवशावर उघड्या मैदानातून पळू नका. डोक्यात बसला तर माणूस आडवा करतो हेही खरं.

२ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरलेल्या विनोदांत बंदुकींपेक्षा तवाच जास्त होता. पुढच्या वर्षी २ जुलैला बीजीएमआय आला, त्यातही तवा आहेच.

‘हाफ-लाइफ’ची पहार एवढी प्रसिद्ध का? ती तर सगळ्यात कमजोर हत्यार आहे.

कारण ती आधी अवजार आहे. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’चा नायक गॉर्डन फ्रीमन पदार्थविज्ञानाचा डॉक्टर, अपघातानंतर हाती लागली ती पहार. तिने तो काचा फोडतो, फळ्या उचकटतो, खोकी फोडून औषधं काढतो, आणि अधूनमधून एखाद्याच्या टाळक्यात घालतो. गोळ्या संपल्या तरी ती असतेच. त्यामुळे पूर्ण गेमभर तुमच्या हातात सगळ्यात जास्त वेळ असते ती पहारच.

याच कुळातलं दुसरं हत्यार म्हणजे ‘डेड स्पेस’ (२००८) मधला प्लाझ्मा कटर. आयझॅक क्लार्क इंजिनीअर, आणि कटर हे खाणकामाचं यंत्र. इथे शत्रूच्या डोक्यात गोळी घालून काही होत नाही, हातपाय तोडावे लागतात. कटरची रेघ एका बटणाने आडवी किंवा उभी करता येते: पाय तोडायचे तर आडवी, हात तोडायचे तर उभी. वीस वर्षं हेडशॉट मारून तयार झालेली बोटं अचानक निरुपयोगी ठरतात. अख्खा गेम फक्त याच कटरवर संपवला तर वेगळी ट्रॉफी मिळते, आणि ती जमण्यासारखी आहे, कारण सुरुवातीलाच मिळणारं हे अवजार शेवटपर्यंत पुरून उरतं.

ग्रॅव्हिटी गनमध्ये स्वतःच्या गोळ्याच नाहीत. मग ती हत्यार कशी?

‘हाफ-लाइफ २’ (२००४) मधली ही बंदूक समोरच्या वस्तू ओढून घेते आणि फेकते. ती हातात आल्यावर थोड्याच वेळात तुम्ही रेव्हनहोम नावाच्या उजाड गावात शिरता. तिथे गोळ्या जपून वापराव्या लागतात, पण लाकडात रुतलेली करवतीची गोल पाती जागोजागी आहेत. पातं उचला, सोडा, समोरच्या झाँबीचे दोन तुकडे. पातं भिंतीत रुतलं? पुन्हा ओढून घ्या. रंगाचे डबे, रेडिएटर, सिलिंडर, खोली दिसली की डोळे आधी सामान शोधायला लागतात. मला यातलं हेच जास्त आवडतं: बंदूक नवीन मिळाली, पण बदललं ते खोलीकडे बघणं.

शेवटाकडे (ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा) सिटाडेलमध्ये तुमची बाकी सगळी हत्यारं जाळून टाकली जातात, आणि त्याच यंत्रात बिघाड होऊन ही एकटी गन निळी पडते. मग जिवंत सैनिकही उचलून फेकता येतात. इतके तास खोट म्हणून वागवलेली गोष्ट, माणसं उचलता न येणं, ती काढून घेतली जाते आणि तेही अगदी थोड्या वेळापुरती. तिथे ही मजा उरकतेही वेळेत, नाहीतर कंटाळा आला असता.

तीन वर्षांनी ‘हाफ-लाइफ’वाल्याच व्हॉल्व्ह कंपनीने ‘पोर्टल’ काढला. त्यातली गन कुणाला ओरखडाही काढत नाही, फक्त भिंतीत दारं उघडते. तिला हत्यार म्हणायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

तलवारींचं काय?

तीन पुरे.

बस्टर सोर्ड, ‘फायनल फँटसी ७’ (१९९७). नायक क्लाउडच्या पाठीवरची ती दाराच्या फळीएवढी तलवार. गेममध्ये ती त्याचं पहिलं आणि सगळ्यात दुबळं हत्यार, तिच्यात मटेरिया (जादूचे खडे) बसवायला जागाही दोनच. बहुतेक जण पुढच्या गावात चांगली मिळाली की ती बदलतात. तरी भिंतीवरच्या पोस्टरवर, बाहुल्यांच्या हातात, चाहत्यांच्या पुठ्ठ्याच्या पोशाखात तीच दिसते, कारण ती क्लाउडची स्वतःची नाही आणि ती कुणाकडून आली हेच त्याच्या गोष्टीचं मूळ आहे.

मास्टर सोर्ड, ‘झेल्डा’. पहिल्यांदा आली १९९१ मध्ये, पण तिचं सगळ्यात चांगलं रूप २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये आहे. त्या गेममध्ये बाकी सगळ्या तलवारी, भाले, काठ्या वापरून तुटतात, आणि लोक त्यावर अजून कुरकुरतात. मास्टर सोर्ड तुटत नाही. दमते, आणि दहा मिनिटांनी परत येते. ती दगडातून उपसायला १३ हृदयं, म्हणजे तेवढी जीवशक्ती, लागतात. कमी असताना ओढत राहिलात तर ओढता ओढता जीव जाऊ शकतो.

‘असॅसिन्स क्रीड’ची मनगटातली पाती. २००७ च्या पहिल्या गेममध्ये ती बाहेर यायला वाट मिळावी म्हणून नायक अल्ताइरची अनामिका कापलेली असते. पुढच्या गेमच्या एट्झिओची बोटं मात्र शाबूत, पातीची रचना तोवर सुधारलेली.

‘गॉड ऑफ वॉर’ची कुऱ्हाड फेकण्यात एवढं काय आहे?

फेकण्यात काही नाही. परत बोलावण्यात आहे.

२०१८ च्या गेममध्ये लेव्हायथन फेकली की ती जिथे रुतेल तिथे राहते. त्रिकोण दाबला की निघते. जवळ असेल तर लगेच, लांब असेल तर जरा उशिराने, वाटेतल्या शत्रूला मागून फोडत. आणि मुठीत बसते त्या क्षणी हातातला कंट्रोलर थरथरतो. एवढंच. पण मी लोकांना शत्रू नसतानाही ती उगाच झाडावर फेकून परत बोलावताना पाहिलंय, मिनिटामिनिटाला, गप्पा मारता मारता. कुऱ्हाड बाहेर असताना नायक क्रेटोस नुसत्या हातांनी लढतो आणि त्याचेही फायदे आहेत, म्हणून ती परत कधी बोलवायची हाही एक निर्णय होतो.

सगळ्यात टाकाऊ हत्यार कुठलं?

‘गोल्डनआय ००७’ (१९९७) मधला क्लॉब. आवाज मोठा, मार कमी, गोळ्या कुठेही. चौघं मिळून खेळताना ज्याला क्लॉब मिळाला त्याची दया यायची. नाव ठेवलं निन्टेन्डोच्या केन लॉब यांच्यावरून. माणसाच्या नावाने काहीतरी राहावं म्हणतात, पण हे जरा जास्तच झालं. ज्या गेममध्ये एका गोळीत मारणारी गोल्डन गन आहे, त्याच गेममधला क्लॉब लोक तितकाच आठवतात.

मारियो कार्टचं निळं कवच अन्याय्य नाही का?

आहे. त्यासाठीच ते आहे. ‘मारियो कार्ट ६४’ (१९९६) पासून ते मागे पडलेल्याला मिळतं आणि पहिल्या नंबरवाल्याला जाऊन धडकतं. मारणाऱ्याचा स्वतःचा फायदा जवळजवळ शून्य, दुसऱ्या नंबरवाल्याचा भरपूर. नुसतं जळून दिलेलं हत्यार! २०१४ च्या ‘मारियो कार्ट ८’मध्ये सुपर हॉर्नने ते फोडता येतं. हॉर्न नसेल तर ते येतंय असं दिसताच ब्रेक मारा आणि दुसऱ्याला पुढे जाऊ द्या.

गेममध्ये बंदुकींची नावं थोडी बदललेली का असतात?

नाव आणि आकार यावर बंदूक कंपन्यांचे हक्क असतात, आणि परवान्याची भानगड नको म्हणून गेमवाले नाव फिरवतात. पबजीतली एम४१६ म्हणजे हेकलर अँड कॉखची एचके४१६, फक्त पुढची दोन अक्षरं बदलून. काउंटर-स्ट्राइक १.६ च्या खरेदीच्या यादीत एके-४७ चं नाव सीव्ही-४७ होतं. गोल्डनआयमध्ये वॉल्थर पीपीकेची पीपी७ झाली.

२०१३ मध्ये ईए या गेम कंपनीने बंदूक कंपन्यांशी परवान्याचे करार करणं थांबवलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने हमवी या लष्करी गाडीच्या खटल्यात ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीच्या बाजूने निकाल दिला. खरी गाडी गेममध्ये दाखवणं हा कलाकृतीचा भाग मानला गेला. तरी सावधपणा गेलेला नाही.

आपली हत्यारं कुठे दिसतात का?

दिसतात, पण विखुरलेली. ‘डायब्लो २’च्या २००१ च्या विस्तारातली असॅसिन कट्यार वापरते, तीच आडव्या मुठीची. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये २०२२ ला आलेल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’त गुर्जरांकडे चक्र फेकणारे आहेत आणि द्रविडांकडे उरुमी, म्हणजे चाबकासारखी लवचीक तलवार. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्यातली सर्कशीतली मुलगी देवीच्या त्रिशुळाने आणि विष्णूच्या धनुष्याने लढते. त्रिशूळ घेऊन खांबाभोवती गिरकी मारून वार करणं हे त्यातलं सगळ्यात सुंदर काम आहे.

दांडपट्टा मात्र कुणीतरी मनावर घ्यायला हवा. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ, मनगट वळतच नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगातून काढावा लागतो, एकदा फिरायला लागलं की थांबणं अवघड. अडचणींनी भरलेलं हत्यार आहे. गेमसाठी याहून चांगलं काय हवं?

महागडी स्किन घेतली की बंदूक जास्त मारते का?

नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये ऑगस्ट २०१३ पासून स्किन आहेत आणि त्यांनी गोळीचा मार तसूभरही बदलत नाही. बीजीएमआयमध्येही रंग, आवाज, मारल्यावर येणारी पाटी एवढंच. हौस म्हणून घ्या. ‘फुकट स्किन’ म्हणून आलेल्या लिंकवर पासवर्ड टाकू नका.

फ्लॅक कॅनन, रेलगन, नीडलर, लान्सर यांना जागा का नाही?

जागा आहे, वेळ नाही. ‘अनरिअल’ची फ्लॅक कॅनन: लोखंडाचे तापलेले तुकडे कोपऱ्यावरून उडवून लपलेल्याला मारण्यासाठी. ‘क्वेक ३’ची रेलगन: गोळी क्षणात पोचते, पुढच्या गोळीला दीड सेकंद, त्या दीड सेकंदात तुम्ही कोण आहात ते कळतं. ‘हेलो’ची नीडलर: गुलाबी सुया, पुरेशा रुतल्या की स्फोट. ‘गिअर्स ऑफ वॉर’मधल्या लान्सर बंदुकीच्या करवतीची गंमत मला दोनदा आली, तिसऱ्यांदा नाही. ‘वर्म्स आर्मगेडन’मधला सिमेंटचा गाढव मात्र आभाळातून पडून अख्खी जमीन फोडत खाली जातो, आणि बहुतेक वेळा ज्याने बोलावला त्यालाही बरोबर घेऊन जातो.

यातलं काही खेळून बघायचं तर कुठून सुरुवात करू?

साधा लॅपटॉप असेल तर ‘डूम’ आणि ‘डूम २’. २०२४ मध्ये दोन्ही एकत्र पुन्हा आले आहेत आणि जुन्या मशीनवरही चालतात. मग ‘हाफ-लाइफ २’, निदान रेव्हनहोमपर्यंत. घरात लहान मुलं असतील तर मारियो कार्टने सुरुवात करा; बाकीच्या बऱ्याच गेमवर १८ वर्षांवरील असा शिक्का आहे आणि डेड स्पेसवर तो अगदी योग्य आहे. सुपर शॉटगन मिळाल्यावर लांबून झाडू नका, जवळ जा.